मैदान कधी सोडावे?

ऊस विकास खात्याच्या माणसाने लिहायचे ते लागण, बेणे, खत आणि पाणी यांवर, असा आपल्या या पत्रिकेचा शिरस्ता आहे. आम्हीही तो आजवर पाळला. पण मागील अंकातला आमचा खोडव्यावरचा लेख वाचून एका सभासदाने तोंडावर सांगितले, "साहेब, तुमचा लेख म्हणजे खताच्या पोत्यावरचा मजकूर. खरा असतो, पण वाचतो कोण?" संपादकांनाही ते पटले असावे, कारण त्यांनी या अंकासाठी लगेच 'काहीतरी वेगळे' मागितले. म्हणून यंदा क्रिकेटवर लिहीत आहोत. खोडव्याचे नाव काढणार नाही असे वचन मात्र देत नाही.

निमित्त घडले मालवणात. आमचे मूळ घर मालवण तालुक्यातले. नोकरी घाटावर आणि गट घाटाखालचा. वैभववाडी-कणकवली भागातला जो ऊस घाट चढून आपल्या कारखान्याला येतो, त्याच्या नोंदी आणि तपासणी आमच्याकडे. शिमग्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्या भागातले तीन सभासदही बरोबर आले. मासे खाणे हाच मुख्य कार्यक्रम होता, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर टेनिस बॉलचे सामने चालू होते. आम्हीही जाऊन वाळूत बसलो.

एका संघात पन्नाशीचे एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, सगळे त्यांना अण्णा म्हणतात एवढे पुरे. पंचवीस वर्षांपूर्वी या किनारपट्टीवर अण्णांच्या गोलंदाजीचा दरारा होता. आम्ही स्वतः त्यांचे दोन चेंडू खेळून तिसऱ्याला परत फिरलेलो आहोत. त्या दिवशी मात्र अण्णांच्या एका षटकात एकवीस धावा गेल्या आणि हातातला झेल सुटला. त्यांच्याच संघाचा एक सतरा-अठराचा पोरगा बाहेर बसून काडीने वाळूत रेघोट्या ओढत होता. मागून कोणीतरी बोलले, "अण्णांका आता घराकडे बसवा रे!" लोक हसले. अण्णांनी ऐकले की नाही कोण जाणे, ते सीमारेषेकडे पाठ करून उभे होते.

आमच्या शेजारी निवृत्त गुरुजी होते. ते म्हणाले, "लोकांनी सचिनाक सुदिक सोडल्यानी नाय, थंय अण्णांची काय कथा!"

झाले, वादाला तोंड फुटले. सचिन तेंडुलकरने निवृत्ती योग्य वेळी घेतली की उशिरा घेतली? बारा वर्षे उलटून गेली तरी हा वाद आमच्या भागात शिळा होत नाही. त्याला कारण आहे. तेंडुलकर हे आडनाव कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीचे, आणि ज्यांनी त्याला घडवले त्या रमाकांत आचरेकर सरांचे आडनाव आमच्या मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे. आपला पन्नासावा वाढदिवस सचिनने सिंधुदुर्गात साजरा केला, तेव्हा तर इथल्या लोकांनी तो घरचाच सोहळा धरला. तेव्हा सचिनविषयी बोलताना इथला माणूस घरातल्या मुलाविषयी बोलतो तसा बोलतो. कौतुकही घरचे आणि टीकाही घरचीच.

आमच्याबरोबर आलेल्या सभासदांत एक आबा होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी निकाल देऊन टाकला, "जोपर्यंत धावा होतत तोपर्यंत खेळूंदे. कोणाच्या बापाशीचा खातत काय?" दुसऱ्या सभासदाचे म्हणणे उलट. त्यांच्या मते सचिनने २ एप्रिल २०११ च्या रात्रीच बॅट ठेवायला हवी होती. वानखेडेवर विश्वचषक जिंकला, विराट कोहली आणि मंडळींनी खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, यापुढे आणखी काय मिळवायचे राहिले होते?

ऐकायला हे पटते. त्या स्पर्धेत सचिनच्या ४८२ धावा होत्या, भारताकडून सर्वांत जास्त. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याने कसोटीत सात शतके ठोकली आणि दीड हजारावर धावा केल्या. २४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक. अशा माणसाला त्या वेळी 'आता थांब' म्हणणार कोण? आणि म्हटले असते तर त्याने का ऐकावे?

शिवाय 'आता थांब' त्याला आधीही सांगून झाले होते. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर तो एका धावेवर बाद झाला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. २००७ च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजला आपण पहिल्याच फेरीत गारद झालो, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल यांनी सचिनने आरशात पाहून स्वतःला विचारावे, अशा अर्थाचे लिहिले आणि इथल्या अनेकांनी माना डोलावल्या. त्याआधी त्याचे कोपर दुखावले होते, खांदा दुखावला होता. सगळी लक्षणे म्हातारपणाची. त्यानंतर चार वर्षांत काय घडले ते वर सांगितलेच आहे. त्या लोकांचे ऐकले असते तर ग्वाल्हेर नाही आणि विश्वचषकही नाही.

इथे आमच्यातला ऊसवाला जागा होतो, त्याला इलाज नाही. आपण तोडणीनंतर प्लॉटवर जातो तेव्हा काही खोडवे पहिल्या महिन्यात अगदी मेल्यासारखे दिसतात. बुडखे जमिनीलगत छाटले, बगला फोडल्या, पाचट न जाळता सरीत दाबले, पहारीने खत दिले, की तोच खोडवा लागणीच्या उसाला लाजवतो. आणि काही खोडवे पहिले दोन महिने हिरवेगार दिसतात, मग नांग्या पडत जातात, गवताळ वाढ दिसू लागते, काणी येते आणि टनेज बसते. पहिल्या महिन्यात दोन्ही सारखेच. कोणता कोणत्या वाटेने जाणार हे नुसत्या डोळ्यांनी सांगणारा अधिकारी आम्ही अजून पाहिलेला नाही, आरशातही नाही.

तेव्हा २०११ साली सचिन थांबला नाही यात आम्हाला चूक दिसत नाही. आमचा आक्षेप पुढच्या अडीच वर्षांवर आहे.

आकडेच बोलतात. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला त्याने १४६ केल्या. ते त्याचे ५१ वे कसोटी शतक आणि शेवटचे. त्यानंतर तो २३ कसोटी सामने खेळला, शतक एकही नाही, सरासरी बत्तिसच्या आसपास. साऱ्या कारकिर्दीची सरासरी होती ५३.७८. सगळे वाईटच होते असे नव्हे. ओव्हलला ९१, वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध ९४, मेलबर्नला ७३, सिडनीला ८०. मात्र शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक पूर्ण व्हायला वर्ष लोटले. ते १६ मार्च २०१२ ला मीरपूरला बांगलादेशाविरुद्ध झाले आणि तो सामना आपण हरलो. त्या वर्षभरात लोक सामन्याचा निकाल सोडून सचिनचा आकडा मोजत बसले होते. आम्हीही बसलो होतो, खोटे कशाला बोला.

पुढे २०१२ च्या पावसाळ्यात न्यूझीलंडचा संघ आला. धावा १९, १७ आणि २७, आणि तिन्ही वेळा त्रिफळा. जाणकारांना तेव्हाच चुकचुकले. झेलबाद होणे कोणाच्याही नशिबी येते, पण एवढ्या मोठ्या फलंदाजाच्या यष्ट्या लागोपाठ उडू लागल्या म्हणजे पाय किंवा नजर, काहीतरी अर्ध्या क्षणाने मागे पडले आहे असे समजावे. नंतर इंग्लंड आले. सहा डावांत १३, ८, ८, ७६, ५ आणि २, एकूण ११२. मालिका आपण मायदेशात १-२ ने हरलो.

त्याच्या बरोबरीचे काय करत होते पाहा. राहुल द्रविडने २०११ च्या इंग्लंड दौऱ्यात तीन शतके ठोकली होती, सगळा संघ कोसळत असताना. पुढच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो वारंवार त्रिफळाबाद झाला आणि ९ मार्च २०१२ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची त्याच ऑगस्टमध्ये संघात निवड झालेली होती, पहिला सामना त्याच्याच हैदराबादला होता. त्या घरच्या मैदानावरच्या निरोपाचाही मोह न धरता तो सामन्याआधीच बाजूला झाला. दोघांची पद्धत आम्हाला आवडते. तरीही सचिनला त्या मापाने मोजावे का, याविषयी आमचे मन अजून घुटमळते.

कारण गुरुजींनी तिथे वाळूत बसून जो मुद्दा काढला त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. गुरुजी म्हणाले, संघ निवडायचे काम कोणाचे? खेळाडूचे की निवड समितीचे? खेळाडूने खेळावे, समितीने निवडावे. खेळाडूला वाटणारच की पुढचा डाव माझा. ते वाटणे संपले तर तो तेव्हाच संपला! ज्या हट्टाने त्याने चोवीस वर्षे काढली, तोच हट्ट एका सकाळी त्याने आपण होऊन सोडावा अशी अपेक्षा का धरता? समितीला वगळायचे धैर्य नाही म्हणून तुम्ही त्याला 'सन्मानाने जा' सांगता. हा सन्मान कोणाच्या सोयीचा?

यावर घडलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या वेळी निवड समितीचे अध्यक्ष होते आपल्या मुंबईचेच संदीप पाटील. पद सोडल्यावर २०१६ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले, की १२ डिसेंबर २०१२ ला समितीने सचिनची भेट घेऊन पुढचा विचार काय असे विचारले होते. निवृत्तीचा विचार नाही, असे त्याने सांगितले. पण समितीचे एकमत झालेले होते आणि मंडळालाही तसे कळवलेले होते. पुढच्या निवडीच्या वेळी सचिनचाच फोन आला, की आपण एकदिवसीय सामन्यांतून निवृत्त होतो. ती बातमी २३ डिसेंबरला आली.

म्हणजे एकदिवसीय सामन्यांपुरते समितीने आपले काम केले. कसोटीत मात्र आणखी अकरा महिने गेले. १० ऑक्टोबर २०१३ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. दोनशेवी कसोटी मायदेशात, वानखेडेवर व्हावी अशी वेस्ट इंडीजची दोन सामन्यांची मालिका मध्येच बसवली गेली आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेचा दौरा आखूड झाला. आमचे मत विचाराल तर ही गोष्ट बरी झाली नाही. मालिका देशाच्या संघासाठी असते, लग्नाच्या मुहूर्तासारखी काढायची नसते. पण १४ ते १६ नोव्हेंबरचे ते तीन दिवस आम्हीही गट ऑफिसातल्या टीव्हीसमोरच काढले. पहिल्यांदाच मुलाचा सामना पाहायला आलेल्या त्याच्या आई, त्याच्या ७४ धावा, आणि शेवटी एकट्याने जाऊन खेळपट्टीला हात लावणे. आमचे चिटबॉय, ज्यांचा जन्मच सचिनच्या पदार्पणानंतरचा, ते रडत होते. त्या तीन दिवसांत नोंदीचे एकही काम झाले नाही, हे आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नसावी.

त्याच्या भाषणातली एक गोष्ट आम्ही नेहमी सांगतो. आचरेकर सरांनी एकोणतीस वर्षांत एकदाही 'छान खेळलास' म्हटले नाही, पोरगा सुस्तावेल म्हणून, असे तो म्हणाला होता. आता सर आपले कौतुक करू शकतात, कारण आपण यापुढे सामने खेळणार नाही, अशीही पुस्ती त्याने जोडली.

बाहेर बसलेल्यांचे काय, हा वादाचा दुसरा भाग. आबा त्यावर गप्प होते. पण शेतकऱ्याने तरी हा प्रश्न टाळू नये, कारण जमीन एकच असते. खोडवा उभा आहे तोवर नवी लागण कुठे करणार?

मुंबईचा अजिंक्य रहाणे संघाबरोबर सव्वा वर्ष फिरत होता, पाणी द्यायला मैदानात जात होता. त्याला पहिली कसोटी मिळाली मार्च २०१३ मध्ये. सचिन गेला आणि पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०१३ मध्ये, जोहान्सबर्गला चौथ्या क्रमांकावर विराट कोहली उतरला. ११९ आणि ९६. पाठोपाठ दरबानला रहाणेच्या नाबाद ५१ आणि ९६. 'सचिननंतर कोण' म्हणून देश चिंतेत होता आणि उत्तर आधीपासूनच तयार बसलेले होते.

त्याहून मनाला लागते ती अमोल मुजुमदारची गोष्ट. १९८८ साली आझाद मैदानावर शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीने शारदाश्रमसाठी ६६४ धावांची भागी केली, हे शाळेतले पोरही सांगेल. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून अमोल पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९४ साली मुंबईकडून रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि तीस शतके काढली. भारताची टोपी मात्र एकदाही मिळाली नाही. मधल्या फळीत द्रविड, सचिन, लक्ष्मण, गांगुली असे चौघे भिंतीसारखे उभे होते. यात कोणाचा दोष काढायचा? तेव्हा चौघेही भर बहरात होते. त्यांच्यापैकी कोणी जावे असे अमोलही म्हटला नसता. त्याच अमोलच्या मार्गदर्शनाखाली २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा गुरुजींनी म्हणे आळीत पेढे वाटले.

जुन्या काळातली उदाहरणे दोन्ही बाजूंना सापडतात. विजय मर्चंट यांनी १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ केल्या, वय चाळीस, आणि पुन्हा कसोटी खेळलेच नाहीत. लोकांनी 'का गेलास' विचारावे, 'का जात नाहीस' असे विचारायची पाळी आणू नये, हे त्यांच्या नावावर सांगितले जाते. सुनील गावसकर तसेच. मार्च १९८७ मध्ये बंगलोरला चेंडू हातभर वळत असताना पाकिस्तानविरुद्ध ९६, सामना १६ धावांनी गेला, पण ती शेवटची कसोटी खेळी आजही लोक काढतात. उलट कपिलदेव. हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम मोडायला १९९४ चा फेब्रुवारी उजाडला, आणि मधल्या काळात जवागल श्रीनाथसारखा वेगवान गोलंदाज ऐन तारुण्यात मायदेशातले सामने बाहेर बसून पाहत होता.

पण मग पुण्याचे प्राध्यापक देवधर? १९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला गेला तेव्हा प्राध्यापक चाळीस वर्षांचे होते. त्यांना घेतले नाही. त्यानंतर त्याच देवधरांनी महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिले, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ केल्या, आणि बावन्न ओलांडल्यावर एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. शंभरी पार करून १९९३ साली गेले. म्हणून जन्मतारीख पाहून निकाल देणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. वाणाचे वय आणि प्लॉटचे वय यांत फरक असतो.

आता थोडे स्वतःविषयी. आम्ही कृषी विद्यालयात डिप्लोमाला असताना कबड्डी खेळायचो. चढाईत बरे होतो. नोकरी लागल्यावरही गावच्या मंडळाकडून जत्रेतले सामने सोडले नाहीत. चार वर्षांपूर्वी, चाळिशी ओलांडल्यावर, उपांत्य सामन्यात आम्ही हट्टाने उतरलो. संघनायक आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्याला नाही म्हणता आले नाही. साहेब आहेत, वर्गणीही देतात! शेवटच्या तीन मिनिटांत दोन गुणांची पिछाडी होती. चढाई एकोणीस वर्षांच्या एका मुलाने करावी असे सगळ्यांना वाटत होते. आम्ही हात वर केला आणि गेलो. बोनसच्या रेषेजवळ पाय टाकला तो गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला आणि आम्ही तिथेच बसलो. समोरच्या पोरांनी धरलेसुद्धा नाही, उचलून बाहेर आणले. सामना गेला. तो मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळात गेला.

गुडघा सहा महिन्यांत बरा झाला. पण त्या संघनायकाचा चेहरा अजून आठवतो. त्याने आम्हाला थांबवायला हवे होते असे आता वाटते, आणि त्याच वेळी हेही माहीत आहे की त्याने थांबवले असते तर आम्ही वर्षभर त्याच्याशी बोललो नसतो. सचिनला थांबवण्याचे अवघड काम पाच जणांच्या समितीवर होते आणि समोर सारा देश होता. आमच्या मंडळाला एक साधा ऊस अधिकारी आवरला नाही, तिथे त्यांना किती दोष द्यावा?

तरीही दोष द्यावाच लागतो. न्यूझीलंडच्या त्या तीन त्रिफळ्यांनंतर आणि इंग्लंडच्या त्या ११२ धावांनंतर कसोटीतही समितीने स्वच्छ सांगायला हवे होते. खोडवा 'आता मला मोडा' असे आपण होऊन सांगत नाही. टनेजची पावती मालकाने वाचायची असते. २०२५ च्या मे महिन्यात रोहित शर्मा ७ तारखेला आणि विराट कोहली १२ तारखेला कसोटीतून बाजूला झाले. तेव्हा समितीचे अध्यक्ष होते अजित आगरकर, आचरेकर सरांचाच विद्यार्थी. आत काय बोलणे झाले ते त्यांचे त्यांना माहीत. मात्र नव्या पोरांचा संघ इंग्लंडला गेला आणि मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवून आला.

वाळूतला वाद मिटवला तो एका रापणकर तात्यांनी. ते इतका वेळ जाळे दुरुस्त करत ऐकत होते. म्हणाले, "रापणीत म्हाताऱ्याक कोण घराकडे धाडणत नाय. दोरी वडूचा बळ गेला की तो पाण्याकडे बघता. मासळी खंय इली ता तेकाच दिसता." आमच्या घाटावरच्या तालमीत हेच चालते. पैलवान कुस्ती सोडतो म्हणजे आखाडा सोडत नाही, वस्ताद होतो. आचरेकर सर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळले होते. त्यांचे सगळे आयुष्य दोरीला हात न लावता पाण्याकडे बघण्यात गेले, आणि त्यांनी पाहिलेली मासळी साऱ्या जगाने पाहिली.

आबा तेव्हा काही बोलले नाहीत. इथे एक खुलासा करायला हवा. आबांना त्या दिवशी मालवणला आणण्यात आमचा थोडा हेतू होता. त्यांच्या दोन एकरांत पाचव्या वर्षाचा खोडवा उभा असतो. मुलगा अठ्ठेचाळीस वर्षांचा, हुशार, पण सरीची रुंदीसुद्धा त्याच्या मनाने ठरत नाही. तो गट ऑफिसात येऊन आमच्याजवळ दोनदा डोळ्यांत पाणी आणून बोलला होता. यंदा आबांचा ऊस मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुटला. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, हे आम्ही या पत्रिकेत किती वेळा छापले असेल! आबा म्हणायचे, "माझो खोडवो छापलेला वाचणा नाय."

त्यानंतर आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या प्लॉटवर गेलो. चार सऱ्या मोजल्या. हातभर अंतरात फूट नाही अशा जागा इतक्या निघाल्या की मोजणे अर्ध्यावर सोडले. नांग्या भरायच्या तर अर्धे बेणे नवे आणावे लागेल, असे आम्ही म्हटले. आबा बांधावर बसले, चंची काढली, पान लावले. बराच वेळ गेला.

मग मुलाकडे न बघता आम्हाला म्हणाले, "मोडूया. यंदा लागण झील करतलो. मी तेका काय एक सांगूचंय नाय." आणि उठता उठता, "पण पाण्याची पाळी माझी हा."

नांगरट झाली आहे. पावसाळ्यात त्या रानात ताग घेऊन गाडायचा आणि ऑक्टोबरात को ८६०३२ ची रोपे लावायची असे ठरले आहे. रोपांची मागणी प्रथमच मुलाच्या नावाने नोंदवली आहे. ज्या सभासदांना रोपे हवी असतील त्यांनी आपली मागणी जुलैअखेरपर्यंत गट ऑफिसात द्यावी.